अर्ध्या कपाची शिदोरी

डॉ. रंगनाथ उपळेकर दवाखान्याबाहेर लिंबाखाली उभे होते आणि आतून त्यांना स्वतःचाच दम ऐकू येत होता.

"तंबाखू सोडायची नसेल तर माझ्याकडं यायचं नाही! दुसरा डॉक्टर शोध. हं, पुढं कोण?"

शब्द त्यांचे होते, ठसका त्यांचा होता. 'हं' म्हणताना नाकातून निघणारा बारीक फुत्कारसुद्धा त्यांचाच होता. फक्त आवाज बाईचा होता, आणि ती बाई महिन्यापूर्वी ताश्कंदहून आली होती.

सोपान माळी बोलणी खाऊन बाहेर आला आणि उपळेकरांना पाहून जागच्या जागी थबकला. "आवं साहेब, तुमी हितं? मग आत कोन वरडलं?"

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. उपळेकरांनी दारातून डोकावून पाहिलं. टेबलामागे डॉ. दिलनोझा बसली होती. तिशीची, रुंद चेहऱ्याची, केसांची जाड वेणी पाठीवर. तिनं घसरलेला चष्मा मनगटानं वर सरकवला आणि दोन बोटांनी टेबलावर टकटक केली. चाळीस वर्षं या टेबलावर अशीच टकटक चालत आली होती. उपळेकर मिशीतल्या मिशीत हसले आणि छाती जरा पुढे काढून घरी गेले.

वेळापिंपरी हे सांगोल्याच्या पुढचं, डाळिंबाच्या बागांचं गाव. बागा भरपूर, पैसा बरा, पण उपळेकर निवृत्त झाल्यावर डॉक्टर मात्र एकही नाही. आपल्याकडची तरुण डॉक्टर मंडळी एकेक करून परदेशी निघून गेली होती. उपळेकरांची स्वतःची मृणालही कॅनडात होती. एके काळी आपली मुलं डॉक्टर व्हायला ताश्कंद-समरकंदला जात. त्यांच्यासाठी तिकडे कॉलेजं निघाली आणि वाढली. पुढे ही मुलं जायची थांबली तरी कॉलेजं काही थांबली नाहीत, आणि तिकडे डॉक्टरांचा सुकाळ झाला. मग सरकारनं तिकडच्या डॉक्टरांना इकडे बोलावलं.

बोलावणं सोपं होतं. पुस्तकातलं वैद्यक ताश्कंदला आणि वेळापिंपरीला एकच असतं. पण बागेत फवारणी चालू असते तेव्हा उलटी करत आलेल्या गड्याला आधी काय विचारायचं, 'जरा कणकण हाय' म्हणणारा म्हातारा तापानं किती फणफणलेला असतो, एरवी धडधाकट बाई दर गुरुवारीच का चक्कर येऊन पडते, हे पुस्तकात नसतं. ते मुरायला पंधरा वर्षं लागतात, आणि पंधरा वर्षं थांबायला रोग्यांना वेळ नसतो.

त्यासाठी निघाली होती 'शिदोरी'.

शिदोरीचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. मुरलेला डॉक्टर रोग्याकडे पाहतो तेव्हा त्याची नजर आधी कुठे जाते, कुठे रेंगाळते, बोटं पोटावर किती जोरानं दाबतात, तो कोणता प्रश्न विचारतो आणि कोणता गाळतो, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. विचारलं तर तो पुस्तकातलंच उत्तर देतो. म्हणून निवृत्तीला आलेल्या डॉक्टरांना एक चष्मा देत. तो बुबुळांची हालचाल टिपायचा. बोटांत पातळ अंगठ्या असत, त्या स्पर्शाचा दाब मोजत. पुढे त्या रोग्याचं काय झालं, निदान बरोबर निघालं की चुकलं, हेही त्याला जोडलं जाई. अशी काही वर्षांची नोंद साठली की संगणक त्यातून त्या डॉक्टरची नजर गाळून काढी.

नव्या डॉक्टरनं तसाच चष्मा घालून रोगी तपासायचे. जुन्या डॉक्टरनं जिथे पाहिलं असतं, त्या बाजूची काडी कानशिलाला हलकी गुदगुली करी: नखं बघ, पाय बघ. दुपारी जेवण झाल्यावर डोक्याला पट्टी बांधून तासभर झोपायचं. गाढ झोपेत मेंदू सकाळपासूनचं सामान लावून ठेवत असतो. नेमक्या त्या वेळी पट्टी कानात अगदी हळू जुन्या रोग्यांचे आवाज सोडी आणि जे शिकलं ते पक्कं बसे.

यात एकच गंमत होती. डॉक्टरचं कसब कुठे संपतं आणि खोड कुठे सुरू होते, हे संगणकाला कळत नसे. त्यामुळे नजरेबरोबर टकटकही आली आणि दमही आला. पहिले काही दिवस तर दिलनोझा "उद्या येतो" असं पुरुषासारखं बोले, आणि तिला ताश्कंदला वर्षभर नीट मराठी शिकवणाऱ्या बाईंनी ते ऐकलं असतं तर डोकंच धरलं असतं.

सहा महिन्यांची मुदत होती. तेवढ्यात तिची नजर उपळेकरांच्या नजरेशी किती जुळते ते चष्माच मोजणार होता. या आकड्याला 'मेळ' म्हणत. मेळ पंचाऐंशीच्या वर गेला की कायमची नोंदणी. नाही गेला तर दिलनोझा परत ताश्कंदला, आणि दवाखान्याला कुलूप.

उपळेकरांना स्वतःच्या शिदोरीची काळजी नव्हती. त्यांचं बिनसलं ते चहावरून.

पहिल्याच रविवारी दिलनोझा त्यांच्या घरी आली होती. दारातच छातीवर हात ठेवून वाकली. "नमस्कार, उस्ताद." त्यांच्याकडे शिक्षकाला असंच काहीसं म्हणतात. उपळेकरांना आपण तबला वाजवायला बसलोय असं वाटलं, पण बरंही वाटलं. तिनं डबाभर जर्दाळू आणले होते. इंदुमतीबाईंनी लगबगीनं आलं घालून चहा केला आणि सगळ्यात मोठा कप काढून काठोकाठ भरला. थोडा बशीत सांडलासुद्धा. पाहुण्याला असाच द्यायचा असतो.

दिलनोझानं कपाकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. तिनं तो कढत चहा घोट घोट घेत घाईघाईनं संपवला, उठली, छातीवर हात ठेवला आणि निघून गेली. पोहे तसेच राहिले.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी इंदुमतीबाईंनी आणखी मोठा कप काढला, तर बाई आणखी लवकर उठली.

"आली, ढोसला, गेली," उपळेकर म्हणाले. "आपल्याशी दोन शब्द बोलायला हिला जड जातं."

"नवी आहे हो पोर," इंदुमतीबाई म्हणाल्या, पण त्यांनाही लागलं होतं.

मग एकदा तिनं या दोघांना तिच्या क्वार्टरवर बोलावलं. सतरंजी अंथरलेली, मधोमध डाळिंबं फोडून ठेवलेली. ती म्हणाली, आमच्याकडेही अशीच डाळिंबं, अगदी अशीच. निळ्या नक्षीची किटली होती, बिनकानाचे वाडगे होते. त्यांना ती पियाले म्हणत होती. आणि त्या पियाल्यात तिनं चहा ओतला तो किती? जेमतेम अर्धा. दोन घोटांत तळ दिसला. उपळेकरांनी पियाला खाली ठेवला, "बराय" म्हणाले आणि उठले. दिलनोझा किटली हातात धरून दारात उभी राहिली.

"एवढी डॉक्टरीण," वाटेत ते बडबडत होते, "आणि चहा पाजताना हात आखडता!"

तेव्हापासून येणं-जाणं बंद झालं. बंद म्हणजे उपळेकरांचं. इंदुमतीबाई मात्र दुपारी रोग्यांची गर्दी ओसरली की भाकरी-पिठलं घेऊन दवाखान्यात जायला लागल्या. "परमुलखात एकटी आहे. घासभर तिच्या पोटात गेलं तर आपलं काय जातं?" जाताना तासाभरात येते म्हणत आणि यायला दिवेलागण होई.

चौथ्या महिन्यात मेळ घसरायला लागला.

बातमी आणली शेवंता सिस्टरनं. दवाखान्यातली ही एकुलती एक परिचारिका, उपळेकरांच्याच हाताखाली तयार झालेली. "साहेब, डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात किटली मांडलीया. परत्येकाला च्या. आन् तपासायचं सोडून नुसत्या ऐकत बसत्यात."

उपळेकर तडक निघाले. लिंबाखाली ही गर्दी! त्यांच्या काळात दुपारच्या जेवणाआधी अंगण रिकामं व्हायचं. आत एक म्हातारी सांगत होती. गुडघ्यावरून सुनेवर आली, सुनेवरून नातवावर, आणि दिलनोझा तिच्या पियाल्यात घोटभर घोटभर चहा घालत होती. चष्म्याची काडी गुदगुल्या करत असावी, कारण तिनं कानशील खाजवलं आणि चष्मा काढून सरळ टेबलावर ठेवून दिला.

उपळेकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारी बाहेर पडेपर्यंत कसेबसे थांबले.

"ही काय चहाची टपरी आहे? शिदोरी कशाला दिली तुम्हाला? मेळ बघितलात का? दोनच महिने उरलेत!"

दिलनोझा उठून उभी राहिली. "उस्ताद, तुमची शिदोरी मी रोज खाते. फार उत्तम आहे. परवा पोटदुखीचा मुलगा आला, तुमच्या बोटांनी मला सांगितलं की हे साधं पोट नाही. तो वाचला. पण..."

"पण काय?"

"शिदोरीत तुम्हाला जे दिसलं ते आहे. लोकांनी तुम्हाला जे सांगितलंच नाही, ते त्यात कुठून येणार?"

"चाळीस वर्षं काढलीत मी या गावात! मला सांगितलं नाही असं काय आहे इथं?"

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग ओठ मिटून तिनं किटली उचलली आणि उगीचच आत ठेवायला गेली. आपण तिला गप्प केलं, असं उपळेकरांना वाटलं आणि तेवढ्यापुरतं समाधान झालं.

मुदत संपली त्या आठवड्यात जिल्ह्याच्या तपासणी अधिकारी येणार होत्या. मेळ कमी पडला तरी ज्याची शिदोरी आहे त्या डॉक्टरचं मत विचारलं जाई. त्यानं 'थोडी सवलत द्या' म्हटलं तर निभावून जात असे. काय सांगायचं ते उपळेकरांनी ठरवून ठेवलं होतं: बाई हुशार आहे, पण आमच्यासारखं येत नाही.

आदल्या संध्याकाळी मृणालचा फोन आला. भिंतीवर तिचं स्वयंपाकघर उजळलं. तिकडे सकाळ होती, खिडकीबाहेर बर्फ होतं. नेहमीसारखी ती शेवटी म्हणाली, "आई, या ना गं एकदा. माझं घरही बघितलं नाहीस तू."

यावर इंदुमतीबाईंचं उत्तर ठरलेलं असे: मला बाई विमानाची भीती वाटते.

"येते," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात येते. तिकिटं काढ."

मृणालच्या हातातला चमचा खाली पडला. उपळेकरांचा चष्मा पडला. बराच वेळ मायलेकी एकदमच बोलत होत्या आणि त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. फोन बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "विमानाची भीती कुठं गेली?"

"भीती कधी नव्हतीच." इंदुमतीबाई गवारीच्या शेंगा मोडायला बसल्या. नवऱ्याकडे न बघता बोलायला ते बरं पडलं असावं. "मृणालच्या वेळच्या बाळंतपणापासून माझं अंग खाली उतरलंय. खोकलं, हसलं की कपडे ओले होतात. गेली काही वर्षं तर फारच. लग्नाकार्याला गेले तर आधी मोरी कुठंय ते बघते. एवढ्या तासांच्या विमानात माणसांच्या मध्ये बसायचं म्हणजे... मेले असते लाजेनं."

उपळेकर त्यांच्यासमोर खाली बसले. गावातल्या निम्म्या बाळंतपणांना ते हजर होते. "इंदू, मी डॉक्टर आहे. मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की. दवाखान्यातून जेवायला आला होतात. तुम्ही म्हणालात, वयानं होतं असं. आणि 'हं' म्हणालात." त्यांनी हुबेहूब तो फुत्कार काढला. "मी वाट बघत होते की आता 'पुढं कोण' म्हणताय."

उपळेकरांनी परातीतली एक शेंग उचलली आणि मोडायला घेतली.

"तिला सांगितलंस?"

"तिनं विचारलंच नाही काही. मी भाकरी घेऊन जायची, ती चहा द्यायची. संपला की परत घोटभर. परत घोटभर. असं घोटभर घोटभर पिताना एक दिवस आपोआप आलं तोंडात. तिची आई सुईण आहे म्हणे, तिकडे फरगाण्याला. तिनं मला व्यायाम शिकवले, आणि एक मऊ रबरासारखी कडी बसवून दिली. आता मी खुशाल हसते, शिंकते. तुमच्या लक्षातही आलं नाही."

उपळेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ही बाई मनातल्या मनात मोऱ्या शोधत फिरली, आणि आपण लोकांच्या नखांवरून रक्त किती कमी आहे ते सांगत बसलो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"आणि ऐका," इंदुमतीबाई म्हणाल्या, आणि त्यांना आत्ताच हसू फुटायला लागलं, "त्यांच्याकडे चहा अर्धाच देतात. मुद्दाम. अर्धा म्हणजे, बसा, मला तुम्हाला पुन्हा पुन्हा वाढायचंय. आणि काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि चालू लागा!"

उपळेकरांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांच्या डोळ्यांपुढे ते तीन रविवार आले. दर रविवारी आणखी मोठा कप. दर रविवारी कढत चहा ढोसून पळणारी ती पोर.

"म्हणजे आपण तिला..."

"हाकललं! दर आठवड्याला! आणि तीही बिचारी परत परत येत होती हाकलून घ्यायला!"

"आणि तिच्या घरी आपण दोन घोटांत..."

इंदुमतीबाई इतक्या हसल्या की शेंगांची परात लवंडली. हसता हसता त्यांनी बोट वर करून दाखवलं, बघा, काही होत नाही! आणि मग उपळेकरही हसायला लागले, डोळे पुसत.

हसू ओसरलं तशी त्यांना मृणालची एक जुनी गोष्ट आठवली. कॅनडाला गेल्यावर परवाना मिळेपर्यंत ती तीन वर्षं एका दुकानात रक्तदाबाची यंत्रं विकत होती. तेव्हा फोनवर रडत म्हणाली होती, "बाबा, इथं कुणी विचारतच नाही की तुला काय येतं. सगळे विचारतात, आमच्यासारखं येतं का?" उपळेकरांनी तेव्हा इथे बसून अख्ख्या कॅनडाला शिव्या घातल्या होत्या. आणि उद्या ते स्वतः तेच वाक्य बोलायला निघाले होते, शब्दसुद्धा न बदलता.

सकाळी तपासणी अधिकारी देवयानी साळगावकर आल्या. मोजकं बोलणाऱ्या, नियमाला पक्क्या. त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर आकडा उजळवला. मेळ: अडुसष्ट.

दाराशी गर्दी होती. दिलनोझा खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिनं वेणी घट्ट घातली होती आणि चेहरा पांढरा पडला होता.

"कागदावर प्रश्नच नाही," साळगावकर म्हणाल्या. "रोग्यामागे वेळ उपळेकर सरांच्या पाचपट. निम्म्या वेळा चष्मा काढून ठेवलेला. उपळेकर सर, तुमचं मत?"

उपळेकर उठले. "यंत्र बरोबर मोजतंय बाई. माप चुकलंय. माप म्हणजे मी."

साळगावकरांच्या भुवया वर गेल्या.

"माझी नजर चांगली आहे, त्याबद्दल मला शंका नाही," ते म्हणाले. एवढा मोठेपणा त्यांना स्वतःला द्यावासा वाटलाच. "पण मला ऐकू कमी येतं. कानानं नाही हो, कान ठीक आहेत. चाळीस वर्षं रांग संपवत आलो मी. जे दोन मिनिटांत सांगता येतं तेवढंच लोकांनी मला सांगितलं. बाकीचं घरी घेऊन गेले. माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा एक दुखणं..."

ते अडखळले. गर्दीतून इंदुमतीबाईंचा आवाज आला. "माझंच ते. बरं झालंय आता. पुढचं बोला."

"ऐकलंत? तर आता सवलत वगैरे नकोय मला. मला एक सांगा. मेळ म्हणजे दोघांचं जुळणं ना?"

"हो."

"मग हिनंच माझ्याकडं सरकायला हवं, असं कुठं लिहिलंय? एक महिना द्या. मी चष्मा घालतो, अंगठ्या घालतो आणि हिच्याशेजारी बसतो. मीच सरकतो तिच्याकडे. टाके घालायला हात थरथरतात माझे, पण चहा ओतायला काय होतंय!"

साळगावकरांनी हातातल्या पाटीवर नियम उघडले. वर-खाली केले. दोनदा वाचले. मग त्या मोजकं बोलणाऱ्या बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "कोणी सरकायचं ते नियमात नाही," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं. ठीक आहे. एक महिना."

दारातली माणसं एकदम बोलायला लागली. दिलनोझानं छातीवर हात ठेवला, आणि मग शेवंता सिस्टरच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत रडली.

तो महिना उपळेकरांना फार जड गेला. त्यांना एवढं गप्प बसायची सवय नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं आठ वेळा "हं, पुढं कोण" म्हटलं, आणि आठही वेळा दिलनोझानं त्यांच्यापुढे पियाला सरकवला. तोंडात चहा असला की माणसाला बोलता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. झोपेची पट्टी आता त्यांच्या डोक्याला होती. दुपारी घोरता घोरता ते तिचं ऐकणं शिकत होते.

दुसऱ्या आठवड्यात सोपान माळी आला. गालात तंबाखू. उपळेकरांचा दम ओठांवर आला होता, पण त्यांनी तो गिळला आणि किटली उचलली. हात थरथरत होता म्हणून जरा सांडला. अर्धा पियाला. मग आणखी अर्धा. सोपान पावसापाण्याचं बोलला, मेव्हण्याचं बोलला. चौथ्या पियाल्याला म्हणाला, "साहेब, दाढ लई दुखती बगा. तंबाकू दाबली की जरा बरं वाटतं."

"कधीपासून?"

"झाली की धा-बारा वरसं."

"मग दात काढून घ्यायचा, गाढवा!"

सोपाननं मान खाली घातली. एवढा रेड्यासारखा गडी, पण डोळ्यांत पाणी. "भ्या वाटतं, साहेब."

उपळेकरांनी आजवर त्याला शंभरदा दम दिला होता, पण का खातोस हे एकदाही विचारलं नव्हतं. ते स्वतः त्याच्याबरोबर सांगोल्याला दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि त्याचा हात धरून बसले. दाढ निघाली. पंधरवड्यात तंबाखूही सुटली, आणि सोपान गावभर सांगत सुटला की साहेबांनी चहा पाजून व्यसन सोडवलं.

महिना संपला तेव्हा साळगावकर पुन्हा आल्या. भिंतीवर आकडा उजळला. मेळ: अठ्ठ्याऐंशी. अंगणात हलगी वाजायला लागली. ती कोणी आणली होती देव जाणे. गाव आधीच ठरवून बसलं होतं, आकडा काहीही येवो.

"एक मात्र आहे," गलबल्यात साळगावकर उपळेकरांच्या कानाशी म्हणाल्या. "आलेख पाहिला मी. तुम्ही बरेच सरकलात. पण ती पण सरकलीय, तुमच्याकडे. रोग्यामागचा वेळ निम्म्यावर आलाय तिचा."

"येणारच. गप्प बसून बसून शेवटी मीच तिला सांगितलं, पोरी, गुरुवारच्या चक्करवालीला तीन पियाले पुरेत!"

ही नवी, दोघांची मिळून झालेली शिदोरी पुढे राज्यभर जाणार होती. पण ते नंतरचं.

कॅनडाला निघायच्या आदल्या दिवशी दिलनोझा घरी आली. रविवारच होता. दारातच तिनं छातीवर हात ठेवला, आणि या वेळी उपळेकरांनीही ठेवला, थोडा चुकीच्या बाजूला. घरभर बॅगा उघड्या पडल्या होत्या, मृणालसाठी मेतकूट, कुरडया, डाळिंबाचा पाक. इंदुमतीबाईंनी चहाचं भांडं भरून आणलं आणि दिलनोझाच्या कपात चहा ओतला. जेमतेम अर्धा.

दिलनोझानं कपाकडे पाहिलं. बघता बघता तिचा चेहरा फुलला. तिनं पाय दुमडून सतरंजीवर नीट बैठक मारली, पोह्यांची बशी जवळ ओढली आणि आता दिवेलागणीपर्यंत उठणार नाही अशी टेकून बसली.

"आम्ही जाऊन येईपर्यंत गाव सांभाळ गं," उपळेकर तिच्यासमोर ऐसपैस बसत म्हणाले. "तर मी काय सांगत होतो, मी नवीन होतो ना इथं, तेव्हा..."

इंदुमतीबाईंनी त्यांचा कप पुढे घेतला आणि चहा ओतायला सुरुवात केली. अर्ध्यावर थांबल्या नाहीत. पाऊण झाला तरी ओततच राहिल्या. काठाला टेकला, वर फुगला, थोडा बशीत सांडला.

उपळेकरांनी कपाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"बॅगा कोण भरणार?" इंदुमतीबाई म्हणाल्या.

दिलनोझा तोंडावर हात ठेवून हसत होती. उपळेकरांनी मुकाट्यानं तो कढत चहा घोट घोट घेत संपवला आणि ते आतल्या खोलीत बॅगा भरायला गेले. बाहेर दोघींच्या गप्पा चालू होत्या, आणि भांड्यात अजून पुष्कळ चहा होता.